पंचनामा एका पुटिकेचा

एम.एस्सी.च्या वर्गात दर वर्षी मी एक चित्र दाखवते. एका गोळ्याच्या पृष्ठभागावर रंगीबेरंगी गाठी, दोऱ्या, छत्र्या आणि भोवऱ्यासारख्या आकृत्या इतक्या दाटीने बसवलेल्या असतात की खालचा गोळा जेमतेम दिसतो. दोनेक वर्षांपूर्वी एका मुलीने विचारलं, "मॅडम, ही तर लोकल आहे. पण ही माणसं मोजली कोणी? आणि कशी?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात होतं. दुसऱ्याला दोन तास गेले. हे टिपण त्या दोन तासांचं.

चित्रातला गोळा म्हणजे सिनॅप्टिक व्हेसिकल. मराठीत तिला पुटिका म्हणू. एका चेतापेशीचा निरोप दुसरीला द्यायचा, तर मधली फट ओलांडायला रसायन लागतं. ग्लुटामेट, गाबा, डोपामिन ही त्यातली काही. हे रसायन चेतातंतूच्या टोकाशी छोट्या पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. संदेश आला की कॅल्शियम आत येतं, पिशवी टोकाच्या पटलाला चिकटून उघडते आणि माल फटीत सांडतो. एका मिलिसेकंदाच्या आत हे उरकतं. मग पिशवीचं पटल परत आत ओढलं जातं, नवी पिशवी होते, पुन्हा भरली जाते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पिशव्या १९५० च्या दशकाच्या मध्याला दिसल्या. त्यानंतर पन्नास वर्षं पाठ्यपुस्तकांतलं चित्र साधारण एकच राहिलं: मेदाचा गुळगुळीत फुगा आणि त्यावर इकडेतिकडे खोचलेली चार-दोन प्रथिनं.

ते चित्र २००६ साली मोडलं. जर्मनीत ग्योटिंगेन इथल्या माक्स प्लांक जीवभौतिक-रसायन संस्थेत राइनहार्ड यान यांच्या गटाने, शिगेओ ताकामोरी पहिले लेखक, 'सेल' या नियतकालिकात एका सरासरी पुटिकेची पूर्ण झडती प्रसिद्ध केली. पुटिका रॅटच्या मेंदूतल्या. त्या शोधनिबंधाला मी पंचनामा म्हणते, कारण त्यात निष्कर्षापेक्षा नोंदी महत्त्वाच्या आहेत. काय सापडलं, किती सापडलं, कुठे सापडलं. आणि कुठल्याही पंचनाम्यासारखाच तो वाचताना पंच कुठे उभे होते हेही बघावं लागतं.

माल हाती कसा आला

मेंदूचा तुकडा मिक्सरमधून काढला की पुटिका मिळत नाहीत, नुसता राडा मिळतो. इथे निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. बर्फात ठेवलेल्या साखरेच्या पाण्यात, म्हणजे ०.३२ मोलर सुक्रोजमध्ये, टेफ्लॉनच्या दांड्याने मेंदू हलक्या हाताने घोटला की चेतातंतूंची टोकं देठापासून तुटतात आणि तुटलेली जागा आपोआप मिटते. तयार होतो सायनॅप्टोसोम, आत पुटिकांचा साठा असलेली बंद पोटली. १९६० च्या सुमारास ही गोष्ट लक्षात आली आणि मेंदूच्या जीवरसायनशास्त्राला एकदम हात-पाय फुटले.

सेंट्रिफ्यूजमध्ये या पोटल्या तळाशी बसवायच्या, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि मग त्यांच्यावर जवळजवळ नुसतं थंड पाणी घालायचं. पाणी आत शिरतं, पोटल्या टरारून फुटतात, पुटिका बाहेर येतात. पुटिका मात्र फुटत नाहीत. लहान असल्यामुळे त्या हा झटका सोसतात. पुढची पायरी म्हणजे सुक्रोजचा उतार: नळीत वर पातळ, खाली घट्ट. तासन्‌तास फिरवल्यावर २०० ते ४०० मिलिमोलरच्या दरम्यान एक दुधट पट्टा दिसतो. थंड खोलीत स्वेटर घालून, नळी दिव्यासमोर धरून तो पट्टा शोधणं ज्याने केलंय त्याला त्याचं अप्रूप कळेल. नाहीतर तो पाण्यात दोन थेंब दूध पडल्यासारखा दिसतो, एवढंच.

तरी तो माल शुद्ध नसतो. पेशीपटलाचे मोठे तुकडे त्यात असतातच. म्हणून शेवटी तो काचेच्या सच्छिद्र मण्यांनी भरलेल्या लांब स्तंभातून सोडतात. मोठे तुकडे मण्यांच्या छिद्रांत शिरू शकत नाहीत, म्हणून ते सरळ खाली येतात. पुटिका छिद्रांत शिरतात, रेंगाळतात आणि उशिरा बाहेर पडतात. आलेखाच्या कागदावर दोन उंचवटे उमटतात: पहिला कचऱ्याचा, दुसरा पुटिकांचा. ही रीत १९८० च्या दशकात बसली आणि आजही हाच मापदंड मानतात. एका खेपेला वीसेक रॅट लागतात.

मोजणी

आता नोंदी. पुटिकेचा सरासरी व्यास ४२ नॅनोमीटरच्या आसपास. केसाच्या जाडीवर अशा दोनेक हजार पुटिका रांगेत बसतील. वजन सुमारे १७८ लाख डाल्टन (एक डाल्टन म्हणजे जवळजवळ हायड्रोजनच्या एका अणूचं वजन), त्यातलं निम्म्याहून जास्त प्रथिनांचं. पटलात ७,००० च्या आसपास फॉस्फोलिपिड रेणू आणि साडेपाच हजारांच्या वर कोलेस्टेरॉल. त्या पटलातून आरपार जाणारे प्रथिनांचे पीळ सुमारे ६००. म्हणजे पटलाचा एक पंचमांश ते पाव भाग मेदाचा नाहीच, तो प्रथिनांनी अडवलेला आहे. गुळगुळीत फुगा इथेच फुटला.

प्रथिनांची शिरगणती अशी निघाली: सिनॅप्टोब्रेव्हिन ७०, सिनॅप्टोफायसिन ३१-३२, सिनॅप्टोटॅग्मिन १५, रॅब-३ए १०, सिनॅप्सिन ८. आणि तळाला एसव्ही-२ हे १.७, तर व्ही-एटीपेज १.४. या शेवटच्या आकड्याकडे परत यायचं आहे.

ते मोजलं कसं, हा मुलीचा खरा प्रश्न. मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे तुकड्यांच्या वजनावरून रेणू ओळखण्याच्या तंत्राने, चारशेच्या वर प्रथिनं ओळखता आली, पण ओळखणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मोजण्यासाठी एकेका प्रथिनाचा शुद्ध नमुना जिवाणूंत बनवून घेतला, त्याची माहीत असलेली मात्रा आणि पुटिकांचा माल शेजारी शेजारी जेलवर चालवला, प्रतिपिंडाने रंगवला आणि पट्ट्यांच्या गडदपणाची तुलना केली. वाण्याच्या तराजूचंच तत्त्व. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात माल. यातून कळतं की एक मायक्रोग्रॅम मालात अमुक प्रथिनाचे इतके रेणू आहेत. पण एका मायक्रोग्रॅममध्ये पुटिका किती? वर दिलेल्या वजनावरून हिशेब केला तर एक मायक्रोग्रॅम प्रथिनामागे साधारण ५,८०० कोटी पुटिका येतात. पहिल्या संख्येला दुसरीने भागलं की प्रत्येकीच्या वाट्याला किती ते येतं.

माझ्या मते या निबंधातली सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात नाजूक जागा हा भागाकार आहे. तो कुठल्याही एका पुटिकेकडे बघत नाही. गावाचं उत्पन्न भागिले गावाची डोकी, असा तो हिशेब. त्यातून दरडोई उत्पन्न मिळतं. सावकार कोण आणि भूमिहीन कोण, हे त्यात कुठेच दिसत नाही.

घरचे कोण, पाहुणे कोण

शिरगणतीत एक अवघड नोंद होती. सिंटॅक्सिन, पुटिकेमागे ६.२. स्नॅप-२५, जवळपास २. या दोघांचं मूळ घर चेतातंतूच्या टोकाचं पटल. पुटिका येऊन जिथे उघडते ती भिंत त्यांची. सिनॅप्टोब्रेव्हिन पुटिकेवर, हे दोघे भिंतीवर, तिघांचे पीळ एकमेकांत गुंफले गेले की दोन पटलं खेचली जाऊन एक होतात, हे तोवर सर्वमान्य झालं होतं. मग भिंतीवरची माणसं पुटिकेवर काय करतात? साधा संशय: माल अशुद्ध आहे, भिंतीचे तुकडे मिसळलेत. पण यान यांच्याच गटाने १९९५ मध्ये दाखवलं होतं की ही दोन्ही प्रथिनं खरोखर पुटिकांवर असतात. पुटिका भिंतीत मिसळून परत बाहेर येते, तेव्हा शेजाऱ्याची एखादी वस्तू चुकून पिशवीत यावी, तसं ते येत असावं.

यापुढचा प्रश्न जास्त अडचणीचा. चारशेच्या वर नावांपैकी कायमची राहणारी किती आणि येऊन-जाऊन असणारी किती? २०२० साली ताकामोरी ज्यात होते अशा एका जपानी गटाने, ओकिनावाच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेतून, जास्त खोल जाळं टाकलं. रॅटच्या पुटिकांत १,४६६ प्रथिनं सापडली, आधीच्या तिप्पट. पण त्यांनी एक हुशारी केली. प्रत्येक प्रथिन पुटिकांच्या मालात किती आणि सगळ्या सायनॅप्टोसोममध्ये किती, याची तुलना केली. पुटिकेत जे खरोखर साठलं आहे ते घरचं. जे दोन्हीकडे सारखं ते पाहुणं. घरचे निघाले १३४.

आणि त्या १३४ मधले ८६ असे, की त्यांची सरासरी पुटिकेमागे एकाहूनही कमी. अर्धं प्रथिन कोणी लावत नाही. अर्थ एवढाच की बहुतेक पुटिकांवर ते नाही आणि काहींवर आहे. ठरावीक चेतापेशींतच वापरल्या जाणाऱ्या रसायनांचे वाहक, म्हणजे ती पुटिकेत भरणारी प्रथिनं, याच ८६ मध्ये बसतात. दरडोई आकड्याने लपवलेली माणसं ती हीच.

गंमत म्हणजे ग्लुटामेटच्या आणि गाबाच्या पुटिका वेगवेगळ्या करून २०१० मध्ये तुलना झाली, तेव्हा फरक अगदी थोडे निघाले. एक रसायन पुढच्या पेशीला चेतवतं, दुसरं तिला आवरतं, कामं अगदी उलटी. पण गाड्या जवळजवळ सारख्या. वेगळा निघाला तो मुख्यतः माल भरणारा वाहक आणि जस्ताचा वाहक झेडएनटी-३ यांसारखी मोजकी मंडळी. बाकी सांगाडा एकच.

सत्तर कशाला?

सिनॅप्टोब्रेव्हिनचे ७० रेणू हा आकडा वाचला की पहिली प्रतिक्रिया असते, एवढे कशाला? दोन पटलं जोडायला किती गुंफणी लागतात याचे प्रयोग २०१० च्या आसपास झाले. कृत्रिम पटलांत एकीवरही भागतं. जिवंत पेशीत जलद स्राव हवा तर दोन किंवा तीन. म्हणजे पुटिका गरजेच्या वीसपट सामान घेऊन हिंडते. एक कारण बहुधा हे, की ती कुठल्याही बाजूने भिंतीला टेकली तरी दोन-तीन दोऱ्या हाताशी असाव्यात.

इथे मी वर्गात धनुर्वातावर येते. गंजका खिळा लागला की आईने दवाखान्यात नेऊन इंजेक्शन टोचवलेलं सगळ्यांनाच आठवतं. मातीत आणि शेणात असलेला हा जिवाणू जखमेत वाढतो आणि एक विष सोडतो. विष चेतातंतूच्या टोकातून शिरतं, तंतूतून उलटा प्रवास करून मज्जारज्जूत पोचतं, आणि तिथल्या आवर घालणाऱ्या पेशींत घुसतं. तिथे ते काय करतं हे १९९२ साली कळलं. ते जस्त वापरणारं एक वितंचक (एन्झाइम) आहे आणि ते सिनॅप्टोब्रेव्हिनला एकाच ठिकाणी कापतं, ७६ व्या आणि ७७ व्या अमिनो आम्लाच्या मधे. इतर काही नाही. आवर घालणारं रसायन बाहेर पडेनासं होतं, स्नायू एकदम ताठतात, पाठ धनुष्यासारखी वाकते. आपल्या भाषेने या रोगाला दिलेलं नाव त्या पाठीवरूनच आलंय.

आता याच्या शेजारी बोटुलिनम-बी ठेवा. डबाबंद नासक्या अन्नातून होणाऱ्या बोटुलिझमच्या विषांपैकी एक. ते नेमका हाच बंध कापतं. तेच प्रथिन, तीच जागा. पण ते मज्जारज्जूपर्यंत जात नाही, स्नायूच्या तोंडाशीच थांबतं आणि तिथला चेतवणारा निरोप तोडतं. रुग्ण ताठत नाही, लुळा पडतो. कात्री एकच, दोन रोग एकमेकांच्या उलट, फरक फक्त कात्री कुठे चालली याचा. पुटिकेचं सामान सगळीकडे सारखं असतं म्हणजे काय, ते या दोन रोगांइतकं स्वच्छ मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आणि ७० असले तरी ते वाचवत नाहीत, कारण वितंचक एका घावात खर्च होत नाही. एक कापलं की पुढचं कापतं. गरजेच्या वीसपट साठा असा पुरेनासा होतो.

तळाचे आकडे

तळाला असलेलं एसव्ही-२ हे सरासरी दोनच्याही खाली, पण औषधांच्या दुकानात त्याचंच वजन जास्त. फिट्स येणाऱ्या लाखो रुग्णांना दिलं जाणारं लेव्हेटिरासेटम हे याच्याच 'ए' प्रकाराला चिकटतं, हे २००४ मध्ये कळलं. औषध आधी बाजारात आलं, पत्ता नंतर सापडला. पुढे याच प्रथिनाला चिकटणारा किरणोत्सारी रेणू बनवून जिवंत माणसाच्या मेंदूतल्या सायनॅप्सची, म्हणजे चेतापेशींमधल्या जोडांची, घनता पेट स्कॅनमध्ये बघता येऊ लागली.

त्यासाठी हेच प्रथिन का चालतं, याचा धागा २०११ च्या एका कामात आहे. त्यात भागाकार सोडून एकेक पुटिका चमकत्या प्रतिपिंडांनी रंगवून तपासली होती. एसव्ही-२, व्ही-एटीपेज, ग्लुटामेटचा वाहक आणि सिनॅप्टोटॅग्मिन यांची संख्या पुटिकेगणिक फारशी हलत नाही. सिनॅप्टोब्रेव्हिन आणि सिनॅप्टोफायसिन यांची मात्र बरीच हलते. जे भरपूर आहे ते कसंही वाटलेलं, जे थोडं आहे ते मोजूनमापून. घरात गहू पिंपाने ओततात, केशर काड्या मोजून घालतात, तसंच काहीसं.

आता १.४. व्ही-एटीपेज हा पंप. एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून तो पुटिकेत प्रोटॉन ढकलतो, आत आम्लता वाढते आणि त्या दाबावर वाहक ग्लुटामेट आत ओढतात. एकेका पुटिकेत सुमारे १,८०० रेणू मावतात. हे सगळं या पंपावर अवलंबून आहे. आतली आम्लता पीएच ५.५ धरली आणि पुटिकेचं आतलं आकारमान घेतलं, तर मोकळ्या प्रोटॉनची संख्या किती येते? पंचवीसेक पुटिका मिळून एक. हे गणित मुलांना फळ्यावर करायला लावलं की ती मलाच चुकलात म्हणतात. चूक नसते. बाकीचे प्रोटॉन आतल्या रेणूंना चिकटलेले असतात, आणि एवढ्या छोट्या जागेत 'पीएच' हा शब्दच ताणून वापरावा लागतो.

सरासरी १.४ म्हणजे कित्येक पुटिकांत पंप एकच. तो बंद पडला तर? आणि तो पडतो. २०२२ मध्ये कोपनहेगन आणि ग्योटिंगेनच्या मंडळींनी रॅटच्या एकेका पुटिकेतला एकेक पंप पाहिला. तो अखंड चालत नाही. कधी पंप करतो, कधी गप्प बसतो, कधी चक्क गळतो, आणि या अवस्था मिनिटामिनिटाने मनमानी बदलतात. एका मोटरवर चालणाऱ्या सोसायटीची टाकी कधी भरलेली आणि कधी कोरडी असते, त्याची कारणमीमांसा कोणाही गृहिणीला समजवावी लागत नाही. पुटिका एकसारख्या भरलेल्या असतात हे गृहीत त्या दिवसापासून डळमळलंय. २००६ च्या तक्त्यात १.४ समोर दिसत असूनही ही शंका आपल्याला पुरेशी का टोचली नाही, असं मला राहून राहून वाटतं. आकडा लहान होता, म्हणून नजर वरच्या सत्तरवर गेली असेल.

शेवटी सिनॅप्टोफायसिन. हे १९८५ साली दोन गटांना जवळजवळ एकाच वेळी सापडलं. पुटिकेच्या प्रथिनांत वजनाने दहाव्या हिश्श्याचं. याचा प्रतिपिंड जगभरच्या पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांत वापरतात. न्यूरोएंडोक्राइन गाठीच्या रिपोर्टवर 'सिनॅप्टोफायसिन पॉझिटिव्ह' हे शब्द ज्यांच्या घरात आलेत, त्यांना हे नाव पाठ असतं. पण पुटिकेत त्याचं काम काय? हे प्रथिन नसलेले उंदीर १९९० च्या दशकात तयार केले, ते जगले, वाढले, त्यांना पिल्लं झाली. सिनॅप्टोब्रेव्हिन-२ नसलेली पिल्लं मात्र जन्मतःच मरतात.

२०२४ मध्ये एक दुवा मिळाला. टोरोंटोच्या गटाने रॅटच्या पुटिकांतला पंप अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिला, त्याच्या मूळ पटलातच, बाहेर न काढता. पंप पकडायला गळ म्हणून त्यांनी लिजिओनेला जिवाणूचं एक प्रथिन वापरलं. चित्रात पंपाला एक सोबती बिलगलेला दिसला, प्रत्येक वेळी, प्रत्येक पंपाला एकच. तो सिनॅप्टोफायसिन होता. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गटालाही तीच जोडी दिसली.

पंप एक किंवा दोन. सिनॅप्टोफायसिन तीसपेक्षा जास्त. त्यातल्या एक-दोघांचा पत्ता लागलाय. "मग उरलेले तीस?" असं त्या मुलीने यंदा मेलवर विचारलंय. ती आता पीएच.डी. करते.